डावीकडे ओढणारा ट्रेलर

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार. मिशन, टेक्सस

ट्रेलर डावीकडे ओढतो, हे आज नक्की झालं. चाकांना ग्रीस लावून परत येताना डिझेल भरलं आणि पंपावरून वळून निघताना डावीकडच्या पिवळ्या खांबाला घासलो. पत्रा हातभर चेपला. महिन्याभरातली ही तिसरी वेळ. आधी आम्ही उतरलोय त्या ट्रेलर-पार्कच्या फाटकाचा खांब, मग जागा बदलताना कोणाची तरी टपालपेटी, आज हा. तिन्ही वेळा डावी बाजू. माणसाची चूक असती तर कधी डावीकडे झाली असती, कधी उजवीकडे. एकाच बाजूला होते, म्हणजे दोष यंत्रात आहे.

मी स्वतःवर संशय घेऊन पाहिला नाही असं नाही. काल रात्री अंथरुणात पडून घेतला. पण एकतीस वर्षं मी ऑरेंज सिटीत शाळेची बस चालवली, आयोवाच्या बर्फात, मागे बेचाळीस पोरं बोंबलत असताना. एक ओरखडा नाही. सत्तरी ओलांडली म्हणून माणूस एका महिन्यात वळण घ्यायचं विसरत नाही.

आमचा ट्रेलर फिफ्थ व्हील जातीचा, छत्तीस फूट, २००४ सालचा. अशा ट्रेलरची मान पिकअपच्या हौद्यात येऊन टेकते आणि तिथल्या जबड्यात खुंट अडकतो. सगळा भार त्या एका जागी. तिथेच कुठेतरी सांगाडा वाकला असणार.

आर्लिसने विचारलं, "तो खांब दिसला नाही तुला?"

मी म्हटलं, "अगं, दिसण्याचा प्रश्नच नाही. मागचा भाग ओढला गेला."

तिने खाली वाकून चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ती अशी गप्प बसली की मला बरं वाटत नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार

गॅरेजमध्ये सांगाडा मोजून घेतला. मेकॅनिक माझ्याच वयाचा. दोऱ्या ताणून, खाली उताणा पडून तासभर मापं घेतली आणि म्हणाला, "सरळ आहे."

"मग डावीकडे का जातो?"

"चालवतं कोण?" त्याने विचारलं.

मी पैसे दिले आणि निघालो. हल्ली कामाची माणसं उरली नाहीत.

रात्री रेनेचा फोन. आमची मुलगी सू फॉल्सला असते. "बाबा, तळघरातली खोली रंगवून घेतली. आता बास झालं फिरणं. खिडकीपण आहे तिला." ती खिडकी मी पाहिली आहे. तिच्यातून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसतात, बाकी काही नाही. ऑरेंज सिटीचं घर विकून अकरा वर्षं झाली. हा ट्रेलर हेच आमचं घर, आणि तो ओढून नेता येईनासा झाला की आमच्या नशिबी ती खोली. मला तिची भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. आर्लिसलाही वाटते. ती म्हणते, "रेनेच्या घरी आपण पाहुणे म्हणून चार दिवस शोभतो."

९ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. हा देऊन नवा घ्यायचा. अगदी कोरा नाही, दोन-तीन वर्षं वापरलेला. आर्लिसला पटवायला मी चार मुद्दे काढून ठेवले होते. पहिलाही पुरता मांडून झाला नाही तोच ती म्हणाली, "घेऊ या. पण छोटा."

"छोटा म्हणजे केवढा?"

"अठ्ठावीस फूट."

"आठ फूट कमी? तुझा शिवणाचा पसारा कुठे ठेवशील, माझ्या मांडीवर?"

"तुझ्या मांडीवर तसंही आता काही नसतं," ती म्हणाली. "आणि बटण दाबलं की टेकूचे पाय आपोआप खाली येतात तसला हवा. आणि मागे कॅमेरा."

बायकांना बटणं आवडतात. मी म्हटलं, ठीक. मग तिने आपली अट पुढे केली. जानेवारीत दोन दिवस माझं डोकं भयंकर दुखलं होतं, उलट्याही झाल्या, मग आपोआप थांबलं. तेव्हापासून ती डॉक्टरच्या मागे लागली आहे. शेवटी सौदा असा झाला, की आधी ट्रेलर, मग डॉक्टर. ४ मार्चची वेळ मिळाली आहे, सान अँटोनियोला. उत्तरेकडे परतताना वाटेत दाखवून टाकू म्हणजे तिचं समाधान होईल.

रात्री पोर्क चॉप आणि बटाटे. मी जेवण संपवलं तर तिने ताटली धरून अर्धी फिरवली, आणि बटाटे पुन्हा हजर. मी म्हटलं, "अगं बास, किती वाढशील?" ती उठून भांडी घासायला गेली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला. पाण्याची टाकी आपली आपल्यालाच भरावी लागते, हे अकरा वर्षांनंतरही तिच्या डोक्यात शिरत नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आर्लिस आजकाल ट्रक घेऊन कपडे धुवायला जाते. पार्कातली धुलाईची खोली आमच्या दारापासून साठ पावलांवर आहे, पण तिला गावातली मोठी यंत्रं हवीत. सकाळी आठला जाते, अकराला येते. दोन माणसांचे कपडे किती असतात? विचारलं तर म्हणते, "पडदेपण होते." पडदे तिने मागच्या आठवड्यातही धुतले.

ऑर्विल पेनरचा ट्रेलरही सकाळी जागेवर नव्हता. हा मॅनिटोबाचा. चाळीस वर्षं मोठे ट्रक चालवले. हिवाळ्यात आमच्या शेजारी मुक्काम. दुपारी परत आला तेव्हा त्याला विचारलं, सगळं आवरून, नळ-वायरी काढून सकाळी सकाळी कुठे निघाला होतास? म्हणाला, "ट्रेलरला जरा हवा खायला नेलं होतं. त्या जुन्या बाजाराच्या मैदानावर." कॅनडाची माणसं उन्हाने जरा हलतात. त्याचे बूट धुळीने पांढरे झाले होते. आर्लिसचेही. ती म्हणाली, हल्ली सगळीकडे धूळच फार.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

हार्लिंजनला ट्रेलर बघितले. विक्रेता एफ्राइन, गोड बोलणारा, पण त्याला एक वाईट खोड. तो समोर उभा राहून बोलतच नाही. आवाज येतो, माणूस नाही. मी दोनदा "काय?" म्हटलं. शेवटी आर्लिसने त्याचा दंड धरून त्याला माझ्या उजवीकडे आणून उभं केलं. "इथून बोला हो," म्हणाली. तो बिचारा ओशाळला.

मी सांगाड्याबद्दल विचारलं. आर्लिसने विचारलं ते असं: जबड्याचा दांडा ओढायला किती जोर लागतो? तो एकट्या माणसाला जमतो का? पाच फूट दोन इंचांच्या माणसाचा हात पोचतो का? एफ्राइन म्हणाला, "बाईसाहेब, तुम्हाला कशाला ते? साहेब आहेत ना." ती म्हणाली, "साहेबांना आराम द्यायचाय." मग तिने तो दांडा स्वतः तीनदा ओढून पाहिला. लोक वळून बघायला लागले. मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

शेवटी २०१६ सालचा, अठ्ठावीस फुटी पसंत पडला. मी सांगाड्याखाली स्वतः वाकून पाहिलं. सरळ आहे.

आमच्या जुन्याची त्याने आधी फोटोवरून किंमत केली होती. दुपारी आमच्यामागोमाग पार्कात येऊन प्रत्यक्ष पाहिला आणि उतरवली. "उजवी बाजू नव्यासारखी आहे हो साहेब. पण डावीला कुणी रोज मारतं का?"

मी त्याला ओढण्याचं सगळं समजावून सांगितलं. तो आर्लिसकडे बघत होता.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज आर्लिस काय बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. टेबल आवरताना, पाठमोरी उभी राहून ती म्हणाली, "व्हर्लिन, तुला डावीकडचं दिसत नाही. त्या डोकेदुखीपासून. ते आपलं आपल्याला कळायला मी तुला वर्षभर वेळ दिला असता, पण तू अशात गाडी चालवतोस."

मी म्हटलं, "दोन डोळे आहेत मला. एक गेला असता तर कळलं नसतं?"

"डोळ्याचं नाहीये ते."

"मग कशाचं आहे?"

"मी डॉक्टर आहे का?"

मला राग आला, आणि वाईटही वाटलं. सरळ गावात चष्म्याच्या दुकानात गेलो, म्हणजे ती घेऊन गेली. हल्ली किल्ली तिच्याच पर्समध्ये असते. तिथल्या बाईंनी तक्ता लावला. मी एकूण एक अक्षर खडाखडा वाचलं, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत. बाई म्हणाल्या, "अजून आहेत." मी म्हटलं, कुठे? त्या म्हणाल्या, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं असतात, तुम्ही तीनच वाचलीत. एका बाजूचा दिवा मंद असणार. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहून आर्लिसला दिल्या, डॉक्टरला द्यायला.

जे वाचलं त्यात एक चूक नव्हती. हे आर्लिसला दोनदा ऐकवलं. "नव्हती खरी," ती म्हणाली. संध्याकाळभर आम्ही पत्ते खेळलो. ती प्रत्येक वेळी पानं टाकून माझ्या उजव्या हाताशी सरकवत होती.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

अदलाबदल झाली.

जुना ट्रेलर हार्लिंजनपर्यंत ऑर्विलने आपल्या गाडीला लावून नेला. आमचा ट्रेलर ओढायची त्याची फार दिवसांची हौस होती, असं आर्लिस म्हणाली. आम्ही मागून गेलो. चाळीस मैल, दोन गावं, एक अरुंद पूल. कुठे घासला नाही. पण रस्ता सरळच होता.

विक्रेत्यांच्या आवारात अशा वेळी दोन्ही ट्रेलर उलटसुलट तोंडाने, दारं समोरासमोर येतील असे लावतात. मध्ये दोन फळ्या. अकरा वर्षं एका दारातून काढायची आणि दुसऱ्या दारात ठेवायची, संध्याकाळी पाचच्या आत. आर्लिसने स्वयंपाकघर घेतलं, मी झोपायची खोली आणि औजारं. ती खोली मी पाऊण तासात मोकळी केली आणि ओरडून सांगितलं, "झालं गं." ती एकदा नजर टाकायला गेली आणि दोन्ही हात भरून सामान घेऊन बाहेर आली. तिचे दोन कोट, माझ्या आईची गोधडी, माझे सगळे हिवाळी बूट.

"हे कुठे होतं?"

"कपाटात."

"ते कपाट मी रिकामं केलं."

"अर्धं केलंस," ती म्हणाली.

मी आत जाऊन पाहिलं. कपाट रिकामं होतं. मग ती आली, माझे खांदे धरून मला वळवलं आणि कपाटाचं दुसरं दार दाखवलं. या कपाटाला दोन दारं आहेत हे मला अर्थातच माहीत होतं. ती मी स्वतः बसवली आहेत, २०११ साली, युमामध्ये. मी तिथे उभा राहिलो. काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. थकवा असेल. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पाच वाजता एफ्राइनने जुन्याचं दार लावलं. आर्लिस रडली. मी नाही. पत्रा आहे तो.

सही करायच्या वेळी आर्लिसने लेखणी हातात धरून ठेवली. "सही करते. पण इथून पुढे ट्रेलर लावला असेल तेव्हा गाडी मी चालवणार."

"तू? तू कधी गवत कापायचं यंत्रसुद्धा मागे घेतलं नाहीस."

"चालवणार की परत न्यायचं हे? रेनेला फोन लावू?"

एफ्राइन छताकडे बघायला लागला. मी विचार केला, वीस मैलांत दमेल आणि किल्ली आपण होऊन देईल. हो म्हटलं. तिने सही केली.

मग ती खाली उतरली. ट्रक मागे घेतला, एकदाच, आणि ट्रेलरचा खुंट बरोबर जबड्यात गेला. दांडा लावला, वाकून विजेरीने कुलूप पाहिलं, ट्रक जरासा पुढे ओढून जोड तपासली, सगळ्या ट्रेलरला एक फेरी मारली. आवारातली दोन माणसं काम थांबवून बघत होती.

"हे कुठे शिकलीस?"

"कपडे धुता धुता," ती म्हणाली.

ऑर्विल आपल्या बुटांकडे बघत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला न सांगता, माझ्या शेजाऱ्याबरोबर, तीन आठवडे. राग यायला हवा होता. आला तो जरा उशिरा आला, आणि फार वेळ टिकला नाही.

२ मार्च, शनिवार. थ्री रिव्हर्स

सकाळी मिशन सोडलं. एकतीस अधिक अकरा वर्षांत मी पहिल्यांदा चालवणाऱ्याच्या शेजारी, उजवीकडच्या खुर्चीत बसून लांबचा प्रवास केला. उजवीकडे ग्रेपफ्रूटच्या बागा, मग काटेरी झुडपं, मग तारेची कुंपणं, गुरं. गाडी कोणी चालवत नाही, आपलीआपण चालली आहे, असं सारखं वाटत होतं. मग आर्लिसचा आवाज यायचा, "तहान लागलीये का?" आणि मी दचकायचो. हार्लिंजनहून येताना ती वीस मैलांत दमली नव्हती. आज दीडशेतही नाही.

फॅल्फुरिअसच्या पुढे तिला म्हटलं, "हा नवा कुठे ओढतोय का?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"व्हर्लिन," ती म्हणाली, "जुनापण ओढत नव्हता."

मी रेडिओ लावला.

तीन वाजता इथे पोचलो. एका रात्रीचा मुक्काम, मोठी झाडं, नदी जवळ. आमची जागा एकोणीस नंबरची. ट्रेलर मागे घेऊन लावायचा असला की एकाने मागे उभं राहून हात दाखवायचा, हा आमच्या लोकांचा रिवाज. इतकी वर्षं आर्लिस उभी राहायची. आज मी राहिलो. आणखीही एक रिवाज आहे: कोणी मागे घ्यायला लागलं की आजूबाजूचे लोक खुर्च्या, कॉफीचे मग घेऊन बाहेर येऊन बसतात. फुकटचा तमाशा. आज कोणी आलं नाही, याचं मला बरं वाटलं. परक्या जागी तिची पहिलीच वेळ.

जागा पाहून मात्र चिडलो. विजेचा खांबच नव्हता. प्रत्येक जागेला एक कमरेएवढा खांब असतो, त्यातून वीज घ्यायची, वर जागेचा नंबर. इथे काही नाही, नुसती खडी. पैसे पुरे घेतात. कार्यालयात जाऊन बोलायचं असं मनाशी ठरवलं आणि हात दाखवायला लागलो. ये. ये. थोडं तुझ्या बाजूला. ये. ती फार छान घेत होती, हे कबूल करतो. सावकाश, न घाबरता. मी मोठ्याने म्हटलं, "ये बिनधास्त! मोकळं आहे!"

ट्रेलर थांबला.

"ये की!"

आला नाही. इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा आवाज, खडीवर पावलं. मग आर्लिस माझ्याजवळ आली आणि तिने माझा डावा हात मनगटाशी धरला. मला वाटलं, तिला चक्कर येते आहे. तिने तो हात बाजूला नेला आणि खाली ठेवला.

खाली लोखंड होतं. उन्हाने तापलेलं. बोटांखाली एक खाच लागली, मग दुसरी, आकडे कोरल्यासारख्या. एक आणि नऊ. मी हाताकडे बघायला मान वळवली, आणि हाताबरोबर खांब आला. त्याच्यापासून ट्रेलरचा कोपरा दोन हातांवर होता. ती आरशात बघून थांबली होती.

मी ज्याला "मोकळं आहे" म्हटलं होतं तो हा.

मला फार भीती वाटली. इतकी पूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही, बर्फात बस घसरली होती तेव्हाही नाही. एकतीस वर्षं मी मागे पोरं घेऊन चालवली आणि या महिन्यात मी काय काय "मोकळं आहे" म्हणत होतो कोण जाणे. फाटकाशी माणूस उभा असता तर? टपालपेटीशी कोणी पत्र काढत असतं तर? आर्लिस शेजारच्या खुर्चीत बसून रोज हाच हिशेब करत असणार, आणि मी तिला सांगाड्याचं समजावत होतो.

तिने माझा हात सोडला नव्हता. मी मान पुन्हा सरळ केली. तिकडे आणखी वळवायचा धीर होईना.

"आणखी काय आहे त्या बाजूला?" मी विचारलं.

तिने त्या बाजूला एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "एक झाड आहे, पिकॅनचं. झाडाखाली टेबल. पलीकडे नदीकडे जायची वाट. आणि इथे पाच माणसं बसलीयेत, खुर्च्या टाकून. एक बाई आहे लाल टोपीवाली. ती मघापासून तुला हात करतेय."

मी तिकडे न बघता हात वर केला.

"थोडा आणखी डावीकडे," आर्लिस म्हणाली.